सीए मॅडमचं ऑफिस, गणपती पेठ, सांगली : चार तारे

आधी गैरसोयी सांगून टाकतो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना लाकडी आणि उभा, लिफ्ट नाही. खाली बोळात गाडी लावायला जागा नाही. मॅडम फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर कागद घेत नाहीत. रिटर्नच्या हंगामात वेळ न घेता गेलात तर बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचं. चहा मात्र येतो, आणि चांगला येतो.

नाव लिहीत नाही, कारण सीएंना जाहिरात करून गिऱ्हाईक ओढायला त्यांच्या संस्थेचीच मनाई आहे. उगाच माझ्या कौतुकानं त्यांना ताप नको. ज्यांना पाहिजे त्यांनी तासगावात माझ्या औषधाच्या दुकानी यावं, पत्ता सांगतो. औषध म्हणजे द्राक्षबागेचं.

माझं खातं तिथं त्यांच्या वडिलांपासून आहे. वडील जुने कर सल्लागार, धोतर-टोपीतले. आता मुलगी सीए होऊन तीच खुर्ची चालवते. माझं काम साधं असतं: खरेदी, विक्री, जीएसटी, बँकेचा उतारा, दोन सह्या. त्यासाठी कुणी एवढं लांबलचक लिहीत नाही. लिहायचं कारण आमचे धाकटे साडू.

साडूंची बेदाण्याची अडत आहे. शेतकऱ्याचा माल सौद्याला लावायचा, व्यापाऱ्याकडून पैसे काढायचे, मधलं कमिशन आपलं. माणूस मेहनती, शब्दाचा पक्का, सौद्याच्या दिवशी चार तासांच्या झोपेवर उभा राहणारा. वर दोन एकर बाग आहे. तर कुणा एजंटानं त्यांना सांगितलं, ‘मालक, तुमचं कमिशन सगळं शेतीत घालतो. शेतीला टॅक्स नाही.’ चार वर्षं असं घातलं. वाचलेल्या करावर एजंट टक्केवारी घ्यायचा. (आमच्या मॅडम टक्क्यावर काम करत नाहीत. सीएला तसं चालतही नाही. किती रिटर्न, किती कागद, तेवढी फी, जीएसटीसह पावती.)

हे बाहेर कसं आलं? साडूंना कोल्ड स्टोरेजसाठी कर्ज पाहिजे होतं. बँकेनं तीन वर्षांची रिटर्न मागितली आणि म्हटलं, तुमचा तर धंदाच दिसत नाही, तुम्ही नुसते शेतकरी. व्यापारी कर्ज कशावर द्यायचं? मग पोर्टल उघडून बघायचं ठरलं, तर पासवर्ड एजंटाकडे. प्रोफाइलमध्ये फोन नंबर एजंटाचा, ई-मेलही त्याचाच. आयकर खात्यानं पाठवलेले सगळे संदेश त्याच्याकडे जात होते आणि तो ‘बघतो’ म्हणून गप्प होता. हे आमच्या भागात सर्रास आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या दहा जणांना विचारा, पोर्टलवर तुझाच नंबर आहे का. निम्मे डोकं खाजवतात.

तर मी, साडू आणि मेहुणी असे तिघं जिना चढून गेलो. मॅडमनी आधी नंबर आणि ई-मेल बदलून घेतला, नंतर खात्याचं वार्षिक माहितीपत्रक काढलं. त्यात काय काय होतं ते बघून साडूंचा चेहरा उतरला. दोन व्यापाऱ्यांनी त्यांच्या कमिशनवर टीडीएस कापून सरकारला भरला होता, ‘कमिशन’ असं स्पष्ट लिहून. चालू खात्यात वर्षाला पन्नास लाखांवर रोख भरली तर बँक ती आपण होऊन कळवते, तीही होती. म्हणजे खात्याला सगळं ठाऊक. फक्त साडूंनी काय सांगितलंय ते त्याच्याशी जुळत नव्हतं, आणि ‘हे तपासून बघा’ असे संदेश येऊन पडले होते. औपचारिक नोटीस अजून निघालेली नव्हती, ही एकच जमेची बाजू.

मॅडमनी मग कागद ओढला आणि पेन्सिल घेतली. ‘बाग किती? दोन एकर. एकरी दहा टन धरू. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा. म्हणजे दोन एकरांत पाच टन. दर दोनशे धरला तरी दहा लाख. खर्च निम्मा. राहिले पाच. तुम्ही २०२१-२२ ला शेतीचं उत्पन्न अठ्ठावीस लाख दाखवलंय. तेवीस लाख कुठल्या वेलीला लागले?’

माझा धंदा औषधाचा, त्यामुळे मला हे गणित तोंडपाठ. दोन एकरांना किती बुरशीनाशक लागतं, किती डिपिंग ऑइल जातं, हे मी झोपेत सांगेन. पण सांगलीत दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या बाईंना ते ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. तो सातबारा मागतो, पीकपाहणी बघतो, सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या चिठ्ठ्या मागतो, औषधाची बिलं मागतो. (हे ऐकून मी जरा सावरून बसलो, कारण ती बिलं माझ्याच दुकानची.)

साडू म्हणाले, ‘मॅडम, ते सगळं एजंटानं केलंय. मला काय कळतंय त्यातलं?’

‘रिटर्न भरल्यावर तुम्हाला ओटीपी आला होता?’

‘आधारच्या नंबरवर. व्हय.’

‘फोनवर त्याला कुणी सांगितला?’

साडू गप्प. ओटीपी सांगितला म्हणजे ‘वरचं सगळं खरं आहे’ यावर सही केली. खोटं आहे हे ठाऊक असून तशी सही करणं हा १९६१ च्या आयकर कायद्यात स्वतंत्र गुन्हा, कलम २७७. एजंट सुटत नाही, खोटं रिटर्न भरायला मदत करणाऱ्यासाठी २७८ आहे. पण तो अडकला म्हणून आपण मोकळे होत नाही.

यानंतरचा पाऊण तास म्हणजे या ऑफिसची खरी सेवा. कर बुडवला तर काय होतं, हे मी आजवर दोनच प्रकारे ऐकलं होतं. एक ‘काय होत नाही, दंड भरला की मिटतं’ आणि दुसरं ‘थेट आत टाकतात’. दोन्ही सांगणारे चहाच्या टपरीवरचे. मॅडमनी हळूहळू, न घाबरवता आणि न गोंजारता सांगितलं. मला समजलं तसं लिहितो. कलमं आणि आकडे त्याच कायद्यातले, २०२५ मध्ये होते तसे.

पहिला प्रश्न साडूंचाच होता, ‘आत टाकत्यात का?’ तर हेतुपुरस्सर कर चुकवायचा प्रयत्न केला की कलम २७६सी. चुकवायचा कर पंचवीस लाखांच्या वर असेल तर सहा महिने ते सात वर्षं सक्तमजुरी आणि दंड. खाली असेल तर तीन महिने ते दोन वर्षं आणि दंड. साडूंचा एका वर्षाचा कर निघत होता सहा लाखांच्या आसपास, म्हणजे ते दुसऱ्या खणात. शिवाय पंचवीस लाखांच्या आतल्या प्रकरणात खटला भरायचा तर दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१९ चं परिपत्रक आहे. पोलीस वॉरंटशिवाय येऊन उचलत नाहीत, हा अदखलपात्र गुन्हा. इथपर्यंत ऐकून साडूंच्या जिवात जीव आला.

मॅडमनी तो तिथंच काढून घेतला. ‘पण खटला उभा राहिला तर तुमच्या मनात चुकवायचं होतं हे सरकारला सिद्ध करावं लागत नाही. कोर्ट तसं धरूनच चालतं. मनात नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं, तेही संशयाला जागा न ठेवता.’ कलम २७८ई. मी दोनदा विचारलं, कारण आपण लहानपणापासून ऐकलेलं उलटं असतं. चोरीच्या, मारामारीच्या खटल्यात पोलिसांनी सिद्ध करायचं असतं. इथं अडत्यानं कोर्टात उभं राहून सांगायचं की दोन एकरांत अठ्ठावीस लाख दाखवताना माझ्या मनात काही नव्हतं. कोण मानणार?

मग ‘दंड भरला की मिटतंय नव्हं?’ हा दुसरा प्रश्न. नाही मिटत. दंड वेगळा, खटला वेगळा, एकामुळे दुसरा आपोआप जात नाही. वर असल्या गुन्ह्यांना मुदतीचं बंधनही नाही, १९७४ च्या एका कायद्यानं ते काढून टाकलंय. मॅडमनी तमिळनाडूच्या जयललितांचं उदाहरण दिलं: १९९० च्या दशकातल्या सुरुवातीची रिटर्न वेळेत भरली नाहीत म्हणून खटला, आणि त्या मुख्यमंत्री असताना, जानेवारी २०१४ मध्ये, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खटला चालवा. शेवटी पैसे भरून समझोता करावा लागला. समझोत्याची वाट सगळ्यांनाच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे नियम सैलही झाले, अर्जाची मुदत काढून टाकली. पण ती स्वस्त नाही, आणि तो हक्क नाही, खात्याची मर्जी आहे.

मेहुणी इतका वेळ पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होत्या. साडूंनी हळूच विचारलं, प्लॉट हिच्या नावावर करून ठेवला तर? मॅडम म्हणाल्या, कारवाई चालू असताना केलेलं असलं हस्तांतरण खात्यापुढं टिकत नाही, आणि नवऱ्यानं बायकोला फुकट दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्याच खाती मोजतात. मग त्यांनी एक मजेशीर गोष्ट सांगितली. थकलेला कर वसूल करायला वसुली अधिकारी बँक खातं गोठवतो, जमीन जप्त करतो, विकतो, आणि शेवटी माणसाला दिवाणी तुरुंगातही ठेवू शकतो. अडीचशे रुपयांच्या वर थकबाकी असेल तर सहा महिन्यांपर्यंत. अडीचशेत आज दोघांचं जेवण होत नाही, पण नियमात आकडा तोच. मात्र या वसुलीच्या अटकेतून बायकांना वगळलंय. मेहुणी लगेच म्हणाल्या, ‘मग अडतच माझ्या नावावर करा.’ मॅडम प्रथमच हसल्या. ‘वसुलीत सूट आहे, वहिनी. खटल्यात नाही.’

आता मला सगळ्यात पटलेला भाग. तो मी भिंतीतून ऐकला. भिंत म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, बाकड्यावर बसलं की आतलं शब्द न् शब्द ऐकू येतो. आमच्या आधी आत एक कारखानदार होते. कुठले, कसले, ते सांगत नाही. त्यांचं म्हणणं: वर्षाचा नफा कागदावर आहे, पण गिऱ्हाइकाकडून पैसेच आले नाहीत, कर भरायला खात्यात रक्कम नाही, तर रिटर्न भरूच नये का? मॅडमनी त्यांना ठणकावून सांगितलं, रिटर्न भरा. उत्पन्न खरं ते लिहा, कर बाकी दाखवा. महिन्याला एक टक्का व्याज चढेल. मागणीची नोटीस आली की हप्ते मागा, कायद्यात सोय आहे. नाहीच भरलं तर दंड लागेल, खातं गोठवतील. पण खरं सांगून पैसे नाहीत म्हणणाऱ्याला कोर्टांनी कर चुकवणारा मानलेलं नाही, तसे निकाल आहेत. रिटर्नच भरलं नाही तर मात्र २७६सीसी, ते मुद्दाम टाळल्याचं वेगळं कलम.

साडूंनीही हे बाकड्यावरून ऐकलं होतं. आत गेल्यावर मधेच म्हणाले, ‘मग मी बी पैसे नाहीत म्हणतो की.’ मॅडमनी बँकेचा उतारा त्यांच्याकडे फिरवला आणि काही बोलल्या नाहीत.

दिवाणी तुरुंगाचा नियमसुद्धा याच रेघेवर चालतो म्हणे. ज्याच्याकडे खरंच नाही त्याला नाही. ज्याच्याकडे असून देत नाही किंवा ज्यानं माल लपवला, त्यालाच. मला हे शहाणपणाचं वाटलं. आम्ही दुकानदार उधारीच्या बाबतीत हेच करतो. पाऊस पडून बाग गेलेल्याकडे आम्ही तगादा लावत नाही. पट्टी घेऊन बुलेट घेणाऱ्याच्या दारात जातो.

मग पैशाचं गणित. पकडल्यावर कर, व्याज आणि माहिती खोटी दिली म्हणून कराच्या दोनशे टक्के दंड, कलम २७०ए. साडूंचं २०२१-२२ साल घ्या: कर सहा लाख, व्याज साधारण अडीच, दंड बारा. साडेवीस लाख, आणि खटल्याची टांगती तलवार वेगळी. आपण होऊन अद्ययावत रिटर्न भरलं, म्हणजे लोक ज्याला ‘आयटीआर-यू’ म्हणतात ते, तर कर आणि व्याज यांच्या बेरजेवर साठ टक्के जादा. साडेआठ लाखांवर पाच लाख दहा हजार, एकूण तेरा लाख साठ हजार. साडेवीस आणि साडेतेरा.

ही टक्केवारी सालागणिक चढते. २०२५ मध्ये ती २०२३-२४ साठी पंचवीस टक्के होती, त्याच्या मागच्या सालाला पन्नास, मग साठ, आणि २०२०-२१ ला सत्तर. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ही खिडकी चार वर्षांची झाली, आधी दोनच वर्षं होती. म्हणजे साडूंची चारही सालं तिच्यात बसली, सर्वांत जुनं ३१ मार्च २०२६ पर्यंत. मात्र त्या सालाची चौकशी एकदा सुरू झाली की खिडकी बंद, असा तेव्हाचा नियम.

एका गोष्टीत मॅडमनी मखलाशी केली नाही. साडूंनी विचारलं, हे भरल्यावर खटला होणार नाही असं लिहून देता का? ‘देत नाही,’ म्हणाल्या. रिटर्न अजिबात न भरलेल्यानं मुदतीत अद्ययावत रिटर्न भरलं तर त्याला २७६सीसीपासून कायद्यातच संरक्षण आहे. खोटं भरलेल्याला तितकं स्पष्ट संरक्षण नाही. आपण होऊन येणाऱ्याच्या मागे खातं सहसा लागत नाही, एवढंच. मला ही बाई यासाठीच आवडते. दुसऱ्या कुणी छातीवर हात ठेवून ‘मी आहे ना’ म्हटलं असतं, आणि साडूंना तेच ऐकायचं होतं. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, ‘दादा, बाई लई रुक्ष हाय.’ आहे. पण पहिला एजंट फार गोड होता.

साडूंची तक्रारही नोंदवतो, कारण ती रास्त आहे. मॅडम बोलतात मोठ्यानं आणि पार्टिशन प्लायवूडचं. तेवीस लाखांचा आकडा बाहेर बसलेल्या चौघांनी ऐकला, त्यातला एक कवठे महांकाळचा ओळखीचा निघाला. डॉक्टरांकडे जशी आतली खोली असते तशी इथं पाहिजे. एक तारा मी यासाठीच कापला आहे. जिना माफ.

बारीकसारीक आणखी. पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत, त्यात काय लिहिलंय ते विचारलं तर मराठीत तोंडी सांगतात, लिहून देत नाहीत. टेबलावरचा मुलगा नवा आहे, झेरॉक्स दोन-दोनदा मागतो. मॅडमना लबाडी सुचवू नका, त्या फाइल परत करतात. माझ्यासमोर एकाची केली. तो विचारत होता की राजकीय पक्षाला देणगी दाखवून रिफंड निघतो म्हणे, थोडे पक्षाला, बाकी परत. जुलै २०२५ मध्ये खात्यानं असल्याच खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपास केला हे त्या गृहस्थांच्या कानावर आलेलं नव्हतं. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं आणि ‘पुढचे’ म्हणून हाक मारली.

साडूंचं म्हणाल तर दोन सालांची रिटर्न गेली, दोनची रक्कम उभी करणं चालू आहे. बुलेट विकली. यंदाच्या रिटर्नमध्ये अडत ‘व्यवसाय’ म्हणून लागली, हिशेबाच्या वह्या आता मेहुणी लिहितात, कारण कमिशनच्या धंद्याला अंदाजे टक्का लावून नफा दाखवायची सवलत नाही, वह्या लागतातच. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका दमात घ्यायची नाही हेही मॅडमनी बजावलंय. घेतली तर घेतली तेवढाच दंड. एक व्यापारी त्यावरून रुसला. कोल्ड स्टोरेजचं कर्ज पुढं ढकललंय.

एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू, कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा वरचे आकडे पाठ करू नका. मागच्या सालांना जुनाच कायदा लागू राहील असं मॅडम म्हणाल्या.

जाणार असाल तर रिटर्नची गर्दी ओसरल्यावर जा, तेव्हा वेळ मिळते. पॅन, आधार, सगळ्या बँक खात्यांचे उतारे आणि शेती असेल तर सातबारा व पट्ट्या न्या. पोर्टलचा पासवर्ड जुन्या माणसाकडून आधी काढून घ्या, तो नंतर फोन उचलत नाही. दुपारी दीड ते तीन ऑफिस बंद असतं. गाडी हरभट रोडला लावून चालत या.